गुडघ्याचे कलम आणि मैदानाची घाई

(पालक-शिक्षक सभेत केलेले भाषण, स्मरणिकेच्या वाचकांसाठी लिहून काढले आहे.)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून गुडघ्याविषयी भाषण कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. निकाल, शिष्यवृत्ती, मातृभाषा आणि शिस्त हे आपले नेहमीचे विषय. परंतु ज्या मुलाचा गुडघा ऐन पंधराव्या-सोळाव्या वर्षी मैदानावर निखळतो, त्याचा अभ्यास, त्याची उमेद आणि त्याच्या घरचा हिशेब ही तिन्ही एकाच दिवशी कोलमडतात. ऑपरेशन पार पडले की एकच प्रश्न चारही बाजूंनी सुरू होतो. मुलगा विचारतो, मित्र विचारतात, क्लबचा प्रशिक्षक विचारतो, वडीलही विचारतात : "परत कधी खेळणार?" या एका प्रश्नाचे उत्तर आपण सर्वांनी मिळून नीट समजून घ्यावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे. मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. औषधपाणी सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु जाणत्यांनी काढलेले निष्कर्ष साध्या भाषेत आपल्यापर्यंत पोहोचविणे हे शिक्षकाचे कामच आहे.

फुटबॉल हा आपल्याला परका खेळ नाही. पुण्यात कॅम्प, खडकी, रेंज हिल्स या लष्करी वस्तीच्या आसपास तो रुजला आणि गल्लीबोळांत पोहोचला. कोल्हापुरात तर तालमींचे संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर पेठापेठांची इभ्रत पणाला लागते. मुंबईचा रोव्हर्स करंडक १८९१ साली सुरू झाला. तो जिंकणारा पहिला भारतीय संघ १९३७ सालचा बंगलोर मुस्लिम्स. ड्युरँड करंडक १९४० साली कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून जिंकला. ही नावे आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी होती. अलीकडे आपल्या शहराला पुणे एफसी आणि त्यानंतर एफसी पुणे सिटी असे दोन व्यावसायिक संघ लाभले. दुर्दैवाने दोन्ही बंद पडले, पण त्यांच्यामुळे अनेक मुलांच्या डोळ्यांत स्वप्ने आली. स्वप्न आले की घाईही येते, आणि ती घाई गुडघ्याला सोसत नाही.

आता प्रथम गुडघ्यात होते काय ते पाहू. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे भेटतात, तेथे आत, अगदी मध्यभागी, दोन दोऱ्या एकमेकींना फुलीसारख्या छेदून जातात. त्यांतील पुढच्या दोरीला डॉक्टर ए.सी.एल. म्हणतात. नडगी पुढे सरकू नये आणि पाय रोवून अंग वळविताना सांधा फिरू नये, हे या दोरीचे काम. फुटबॉलमध्ये नेमके तेच सतत करावे लागते. धावता धावता एकदम थांबणे, बुटाचे स्टड मातीत रुतलेले असताना वळणे, हेडर मारून एका पायावर उतरणे, हे सर्व या दोरीच्या जिवावर चालते. पुष्कळदा समोरच्याचा धक्काही लागलेला नसतो. मुलगा वळतो, आत 'कट्' असा आवाज झाल्याचे त्याला जाणवते, तो खाली बसतो आणि काही तासांत गुडघा टम्म सुजतो. "कोणी मारले नाही, म्हणजे मुरगळले असेल" असे समजून घरी तेल लावून चोळले जाते. इथेच पहिली चूक होते. आवाज आला, लगेच सूज आली आणि पायावर भार देववत नसेल किंवा पाय दगा देत असेल, तर त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. हाडवैद्याच्या हिसक्याने तुटलेली दोरी जोडली जात नाही, उलट शेजारची कूर्चा मात्र फाटू शकते.

ही दोरी तुटली की सहसा आपोआप नीट सांधत नाही, म्हणून डॉक्टर नवी दोरी बसवितात. मांडीच्या मागच्या बाजूच्या स्नायूची कंडरा, किंवा गुडघ्याच्या वाटीखालील पट्ट्याचा भाग, किंवा वाटीच्या वरच्या बाजूचा पट्टा घेऊन दोन्ही हाडांत बोगदे पाडून त्यांतून ती ओवतात आणि घट्ट बसवितात. इंग्रजीत या पट्टीला ग्राफ्ट म्हणतात. आपल्याकडे याला फार चांगला शब्द आहे : कलम.

आंब्याचे कलम ज्यांनी लावले असेल त्यांना पुढचे सांगावे लागणार नाही. कलम बांधले म्हणजे झाड झाले नाही. सांधा धरतो, पालवी फुटते, वरून सारे हिरवेगार दिसते. पण जाणता बागायतदार पहिली काही वर्षे कलमाला आलेला मोहोर स्वतःच्या हाताने खुडून टाकतो. फळ नको म्हणून नव्हे, झाड हवे म्हणून. गुडघ्यातील कलमाचेही असेच आहे. एका जागेवरून कापून दुसऱ्या जागी बसविलेल्या कंडरेचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. सुरुवातीला ती जवळजवळ निर्जीव पट्टी असते. हळूहळू तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात, जुने धागे विरून नवे विणले जातात. हे काम एक वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ चालते. आणि यातली सर्वात फसवी गोष्ट अशी की ऑपरेशननंतर साधारण दीड ते तीन महिन्यांच्या काळात हे कलम सर्वात कच्चे असते. नेमके त्याच सुमारास दुखणे थांबलेले असते, सूज ओसरलेली असते, काठी सुटलेली असते आणि मुलगा जिने चढू लागलेला असतो. तो म्हणतो, "सर, आता काहीच दुखत नाही." त्याचे म्हणणे खोटे नसते. पण दुखणे थांबणे ही एक गोष्ट आणि कलम पक्के होणे ही दुसरी गोष्ट. ही दोन वेगळी आहेत एवढे जरी आपण आज लक्षात ठेवले, तरी या भाषणाचे सार्थक झाले असे मी समजेन.

आता मुख्य प्रश्न : किती दिवस? पूर्वी सहा महिने हा सर्रास सांगितला जाणारा आकडा होता. आजही अनेकांच्या तोंडी तोच आहे. परंतु २०१६ साली डेलावेअर-ऑस्लो या नावाने ओळखला जाणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशन झालेल्या १०६ जणांवर संशोधकांनी दोन वर्षे लक्ष ठेवले. त्यांना असे दिसले की नवव्या महिन्यापर्यंत मैदानावर परतणे जितके महिने पुढे ढकलावे, तितकी दर महिन्याला पुन्हा दुखापत होण्याची शक्यता सुमारे निम्म्याने, म्हणजे ५१ टक्क्यांनी, कमी होत जाते. परतण्यापूर्वीच्या चाचण्यांत जे नापास होऊनही खेळले, त्यांच्यापैकी ३८ टक्क्यांच्या गुडघ्याला पुन्हा दुखापत झाली. पास होऊन जे परतले, त्यांच्यात हे प्रमाण ६ टक्क्यांच्याही आत होते. अभ्यासातील माणसे थोडी होती हे खरे, पण पुढच्या अभ्यासांचा कलही त्याच दिशेला आहे. स्वीडनमधील तरुण खेळाडूंच्या २०२० सालच्या अभ्यासात, नऊ महिन्यांच्या आत परतलेल्यांमध्ये नव्या दुखापतीचा दर सुमारे सातपट आढळला. आणि पंचविशीच्या आतील जे खेळाडू खेळाकडे परततात, त्यांच्यापैकी शंभरात सुमारे २३ जणांची याच किंवा दुसऱ्या गुडघ्याची दोरी पुन्हा तुटते, असे अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये सांगण्यात आले. म्हणजे दर चार-पाच मुलांत एक. आपल्या शाळेच्या संघात अकरा मुले असतात, हिशेब आपणच करावा.

तेव्हा नऊ महिने ही किमान मर्यादा समजावी, आणि शाळकरी वयात बारा महिन्यांकडे कल ठेवावा. ज्यांची उंची अजून वाढते आहे, त्यांच्या हाडांच्या टोकांशी वाढीच्या चकत्या असतात. त्यांचे ऑपरेशन कसे व केव्हा करायचे हाच वेगळा विचार असतो, म्हणून अशा मुलांसाठी मुलांच्या हाडांची माहिती असलेला शल्यविशारद गाठावा. आणखी एक गोष्ट. प्रत्येकाला ऑपरेशन लागतेच असेही नाही. स्वीडनमधीलच एका प्रयोगात १२१ तरुणांपैकी ज्यांना आधी केवळ व्यायामावर ठेवले, त्यांच्यातील जवळपास निम्म्यांना पाच वर्षांतही ऑपरेशनची गरज पडली नाही. त्यात व्यावसायिक खेळाडू नव्हते, हेही सांगितले पाहिजे. वळणावळणाचे खेळ चुरशीने खेळायचे असतील तर बहुधा ऑपरेशनचाच सल्ला मिळतो. निर्णय डॉक्टरांचा, पण प्रश्न विचारण्याचा हक्क पालकांचा आहे.

आता मोठ्या खेळाडूंकडे वळू, कारण मुले आपल्यापेक्षा त्यांचे अधिक ऐकतात.

ब्राझीलच्या रोनाल्डोचा उजवा गुडघा २१ नोव्हेंबर १९९९ रोजी इटलीतील सामन्यात दुखावला. त्याची दोरी वेगळी होती, वाटीखालच्या पट्ट्याची. ऑपरेशन झाले आणि पाच महिनेही पुरे होण्याआधी, १२ एप्रिल २००० रोजी, तो रोममध्ये एका महत्त्वाच्या अंतिम लढतीत मैदानात उतरला. सहा-सात मिनिटांत तोच पट्टा पूर्ण तुटला. जगाने तो प्रसंग दूरदर्शनवर पाहिला. केवळ घाईनेच तसे झाले असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण त्या सहा-सात मिनिटांची किंमत त्याला वर्षाहून अधिक काळ मोजावी लागली. तो परतला २००१ च्या उत्तरार्धात, आणि ३० जून २००२ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दोन्ही गोल त्यानेच केले. त्या स्पर्धेत त्याचे ८ गोल झाले. मुलांना गोष्ट सांगायची तर पूर्ण सांगावी. एप्रिल २००० नसता तर कदाचित तो आधीच परतला असता. पण दुसऱ्या वेळी तो थांबला, म्हणून २००२ उजाडले.

हॉलंडचा वर्जिल व्हॅन डाइक याची ए.सी.एल. १७ ऑक्टोबर २०२० रोजी एव्हर्टनविरुद्धच्या सामन्यात तुटली. पुढच्या जूनमध्ये युरो स्पर्धा होती आणि तो देशाचा कर्णधार होता. ऑपरेशनला तोवर साडेसात महिने होत होते. आपल्या भाषेत सांगायचे तर 'थोडे जमवून घेता आले असते.' त्याने मे महिन्यातच जाहीर केले की मी जाणार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये, ऑपरेशनला नऊ महिने उलटून गेल्यावर, तो लीगमध्ये परतला आणि २०२५ साली लिव्हरपूलचा कर्णधार म्हणून त्याने इंग्लंडच्या लीगचा करंडक उचलला. देशाच्या कर्णधाराला 'नाही' म्हणता आले, तर जिल्हा स्पर्धेला 'नाही' म्हणणे आपल्या मुलाला जमू नये काय?

आपल्याच देशाचे उदाहरण घ्या. संदेश झिंगन हा भारताचा बचावफळीचा आधारस्तंभ. ऑक्टोबर २०१९ मध्ये गुवाहाटीत सरावाच्या सामन्यात त्याच्या डाव्या गुडघ्याची ए.सी.एल. तुटली. आठवडाभरात कोलकात्यात बांगलादेशाविरुद्ध विश्वचषक पात्रता सामना होता. तो झिंगनविना झाला. त्या दिवशी बचावात उभा राहिला गोव्याचा आदिल खान, जो आपल्या पुणे सिटी संघातही खेळून गेला होता. त्यानेच ८८ व्या मिनिटाला हेडर मारून १-१ अशी बरोबरी साधली. एकाची जागा रिकामी झाली की दुसऱ्याला संधी मिळते, संघ थांबत नाही. झिंगनचा तो संपूर्ण हंगाम गेला. त्यातच महामारी आली. तो अधिकृत सामन्यात परतला २० नोव्हेंबर २०२० रोजी, गोव्यात बांबोळीच्या मैदानावर, म्हणजे दुखापतीनंतर तेरा महिन्यांनी. त्याच २०२०-२१ च्या हंगामासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरविले. तेरा महिने थांबल्याने त्याचे काही बिघडले नाही.

"पण सर, अमुक खेळाडू तर महिन्याभरातच परतला होता," असे एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल. त्याचे बरोबर आहे. इटलीचा फ्रँको बारेसी १९९४ च्या विश्वचषकात २३ जूनला जायबंदी झाला, त्याच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि १७ जुलैला तो अंतिम सामना पूर्ण १२० मिनिटे खेळला. परंतु त्याची दोरी तुटली नव्हती, मेनिस्कस म्हणजे सांध्यातील कूर्चेची गादी दुखावली होती. ऑपरेशन गुडघ्याचेच, पण जात वेगळी. म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना करण्यापूर्वी त्याचे नेमके काय झाले होते ते विचारावे. मेनिस्कसचा फाटका तुकडा काढला तर खेळाडू लवकर परततो, तीच गादी शिवली तर अनेक महिने लागतात, आणि ए.सी.एल. बसविली तर वर मांडलेला हिशेब लागू होतो.

इथे एका थोर शिक्षकाची आठवण काढणे औचित्याचे ठरेल. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शाळेतले मास्तर. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ सालच्या एशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकाविला. १९६२ साली जकार्तात जर्नैल सिंगच्या डोक्याला टाके पडले होते. रहीमसाहेबांनी त्याला बचावातून काढून आघाडीवर खेळविले आणि त्याने उपांत्य व अंतिम, दोन्ही सामन्यांत गोल केले. ही गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो आणि सांगावीही. परंतु तिचा अर्थ "दुखापत असली तरी खेळ" असा काढू नये. आजचे डॉक्टर डोक्याच्या माराला इतक्या सहज मैदानावर जाऊ देणार नाहीत. शिवाय कातडीचे टाके आठवड्या-दोन आठवड्यांत सांधतात, गुडघ्याचे कलम तसे सांधत नाही. रहीमसाहेबांकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. प्रत्येक खेळाडू आज काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. शिक्षकाची नजर ती.

आता चाचण्यांविषयी. कॅलेंडरवर नऊ महिने भरले म्हणजे परवाना मिळाला असे नव्हे. पहिली अट, गुडघा पूर्ण सरळ होतो, पूर्ण वाकतो आणि सरावानंतर सुजत नाही. दुसरी, मांडीच्या पुढच्या व मागच्या स्नायूंची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के झालेली आहे. ही यंत्रावर मोजतात. तिसरी, एका पायावर मारलेल्या उड्या. एक लांब उडी, सलग तीन उड्या, रेषेच्या अलीकडे-पलीकडे आडव्या उड्या, आणि सहा मीटर अंतर एका पायावर किती वेळात कापतो ते. यांतही दोन्ही पायांत दहा टक्क्यांहून अधिक फरक नसावा. मात्र एक सावधगिरी हवी. सहा-सात महिन्यांच्या विश्रांतीने चांगला पायही अशक्त झालेला असतो. दोन दुबळे पाय एकमेकांशी बरोबरीत आले म्हणून आनंद मानू नये. शिवाय अंतराइतकेच उतरण्याकडे पाहावे. उतरताना गुडघा आत झुकतो का? मुलगा भार चोरून दुसऱ्या पायावर टाकतो का? कतारमध्ये १५८ व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास झाला, तेव्हा ठरविलेल्या सर्व चाचण्या पुऱ्या न करता परतलेल्यांचे कलम तुटण्याचा धोका चौपट निघाला.

चाचण्या पास झाल्यावरही पहिल्याच दिवशी सामना नको. आधी सरळ धावणे, मग वळणे, मग चेंडूसह सराव, मग संघाबरोबर पण धक्का न लागणारा सराव, मग पूर्ण सराव, मग मैत्रीपूर्ण सामन्यात वीस मिनिटे, मग अर्धा सामना आणि शेवटी पूर्ण सामना. प्रत्येक पायरीनंतर गुडघा सुजला की एक पायरी खाली यावे. शाळेत आपण सहावी न शिकविता मुलाला आठवीत बसवतो का?

शरीराबरोबर मनाचीही परीक्षा असते. अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा की ऑपरेशननंतर शंभरातले सुमारे ८१ जण कोणत्या ना कोणत्या खेळाकडे परततात, ६५ जण पूर्वीच्या दर्जावर पोहोचतात आणि ५५ जणच पुन्हा स्पर्धात्मक खेळतात. मागे राहणाऱ्या अनेकांचा गुडघा बरा असतो, भीती बरी झालेली नसते. म्हणून घाई करणाऱ्या मुलाला जसे आवरावे लागते, तसे घाबरलेल्या मुलाला धीरही द्यावा लागतो. "आता पुरे झाला तुझा फुटबॉल" हे वाक्य घरात उच्चारण्यापूर्वी दहादा विचार करावा. दुखापतीच्या काळात त्याला संघापासून तोडू नये. त्याला गुणलेखन द्यावे, पंचाची शिट्टी द्यावी, लहान मुलांचा सराव पाहू द्यावा. मैदानाबाहेर बसून खेळ वाचायला शिकलेला मुलगा परततो तेव्हा अधिक शहाणा खेळाडू असतो.

पालकहो, आता आपल्या घरच्या तीन अडचणींविषयी मोकळेपणाने बोलतो.

पहिली अडचण वयाची. "या वर्षी सतरा वर्षांखालच्या गटात नाही खेळला तर वय निघून जाईल, निवड चाचणी हुकेल, क्रीडा गुण जातील." ही काळजी खोटी नाही. गुणांना आणि खेळाडूंच्या राखीव जागांना आपल्या घरांत मोल आहे. पण हिशेब पूर्ण करा. पंधरा सप्टेंबरला ऑपरेशन झाले तर पंधरा जूनला नऊ महिने होतात. दोन-तीन महिने आणखी धीर धरला, तर मधे हुकतो तो फार तर एक हंगाम. फुटबॉलपटू तिशीपर्यंत खेळतो. कलम पुन्हा तुटले तर दुसरे ऑपरेशन, दुसरे वर्ष, आणि चाळिशीच्या आतच झिजलेला गुडघा पदरी पडण्याचा धोका. एका हंगामासाठी पुढची चाळीस वर्षे गहाण टाकावीत काय? आणि त्या रिकाम्या वर्षात दहावी-बारावीचा अभ्यास करण्यापासून गुडघा कोणालाही अडवीत नाही.

दुसरी अडचण पैशाची. ऑपरेशनसाठी आपण दागिने मोडतो, नातेवाइकांकडून उसने घेतो. पण त्यानंतरच्या व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून दोनदा जाणे मात्र दीड-दोन महिन्यांत बंद होते. खर्चही असतो, रिक्षाचे भाडेही असते, आणि "आता चालतो आहे की" हेही असते. ऑपरेशन हे अर्धेच काम आहे. रोज जाणे झेपत नसेल तर फिजिओथेरपिस्टला तसे स्पष्ट सांगावे. घरी करायचे व्यायाम वहीत लिहून घ्यावेत, महिन्या-दीड महिन्याने दाखवून यावे आणि त्या वहीवर आई-वडिलांनी रोज सही करावी. प्रगतिपुस्तकावर सही करतो तशीच. रमजानमध्ये वेळ बदलावी, इफ्तारनंतर करावेत, पण महिनाभर वही कोरी ठेवू नये.

तिसरी अडचण आपल्या रोजच्या जीवनातली आहे, आणि ती डॉक्टरांना सांगायला मुले लाजतात. नमाजमध्ये गुडघे टेकून, पाय दुमडून बसावे लागते. वाटीखालचा पट्टा घेऊन केलेल्या ऑपरेशननंतर अनेकांना गुडघा टेकताना दीर्घकाळ दुखते. म्हणून ऑपरेशनपूर्वीच सांगावे की आम्हाला दिवसातून पाच वेळा असे बसायचे असते. कोणती पट्टी घ्यायची हे ठरविताना डॉक्टर त्याचा विचार करू शकतात. टाच मागे टेकेपर्यंत पूर्ण दुमडणे हे सर्वात शेवटी जमते. तोवर आजाऱ्याला खुर्चीवर बसून नमाज अदा करण्याची सवलत धर्माने दिलेलीच आहे. ती घेण्यात कमीपणा नाही. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. गुडघ्याच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे वेळ देणे, व्यायाम करणे आणि चाचणी देणे.

मग अखेरचा निर्णय कोणी घ्यावा? एकट्या प्रशिक्षकाने मुळीच नाही, कारण त्याला शनिवारचा सामना जिंकायचा असतो. एकट्या मुलानेही नाही, कारण त्याला सगळेच आजच हवे असते. शल्यविशारदाने कलम पाहावे, फिजिओथेरपिस्टने चाचण्या घ्याव्यात, मुलाने मनापासून "मी तयार आहे" म्हणावे, पालकांनी संमती द्यावी, आणि हे सर्व कागदावर आल्यानंतरच शाळेने त्याचे नाव संघाच्या यादीत घालावे. वेदनाशामक गोळी घेऊन कोणालाही मैदानात उतरवू नये. आपल्या संस्थेच्या सर्व शाळांनी एवढा एक नियम केला, तर मला वाटते त्याचे मोल एखाद्या करंडकापेक्षा कमी असणार नाही.

आणि पुन्हा कलम करण्याची वेळच येऊ नये म्हणून एक स्वस्त उपाय सांगतो. फिफाने 'इलेव्हन प्लस' नावाचा सुमारे वीस मिनिटांचा व्यायामक्रम तयार केला आहे. त्यात धावणे, पोटाचे व मांडीचे व्यायाम, एका पायावर तोल सांभाळणे आणि नीट उतरण्याचा सराव आहे. साहित्य लागत नाही, एक चेंडू पुरतो. जे संघ तो नियमाने करतात त्यांच्या दुखापती एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक कमी होतात, असे दिसून आले आहे. मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा दोन-तीनपट अधिक होते. त्यावरचा इलाज मुलींना मैदानावरून घरी बसविणे हा नाही, त्यांना हे व्यायाम आधी शिकविणे हा आहे. शारीरिक शिक्षणाच्या तासाची पहिली वीस मिनिटे यासाठी राखून ठेवावीत आणि मैदानावरचे दगड व खड्डे स्पर्धेच्या आदल्या दिवशी नव्हे तर दर आठवड्याला पाहावेत, अशी माझी सहकारी शिक्षकांना नम्र विनंती आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी जो आज काठी घेऊन मागच्या बाकावर बसला असेल, त्याला एवढेच सांगतो की मैदान कुठे जात नाही. नऊ महिन्यांनंतरही गोलपोस्ट तेथेच असेल. तू दोन्ही पायांवर सारखाच भार टाकून तेथपर्यंत चालत ये, घाईने लंगडत येऊ नकोस. आम्ही शिक्षक तुझी जागा राखून ठेवू.